पॅलेट उचलणारं हवेचं युनिट: कन्व्हेयरवर बसवण्यापासून निगा राखण्यापर्यंत

हवेच्या दाबावर पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) उचलणारं लिफ्ट युनिट अडकलं की पहिला संशय सिलेंडरवर, म्हणजे हवेने पिस्टन आणि त्याचा रॉड ढकलणाऱ्या नळकांड्यावर जातो. स्टोअरमधून नवा सिलेंडर निघतो, तासा-दीड तासात बसतो, लाईन सुरू होते आणि थोड्याच दिवसांत तोच कोपरा पुन्हा मागे राहायला लागतो. दोष बहुधा सिलेंडरात नसतोच. तो असतो फ्रेमच्या लेव्हलमध्ये, गाईडमध्ये (फ्रेमला सरळ वर-खाली नेणाऱ्या भागात) किंवा हवेबरोबर आलेल्या पाण्यात. म्हणून खाली सिलेंडरपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

उदाहरणाला चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत पॅकिंगच्या टोकाला सर्रास दिसणारं युनिट घेऊ. रोलर कन्व्हेयरवरून पॅलेट येतं आणि ते काटकोनात वळवून शेजारच्या लाईनवर द्यायचं असतं. रोलरांच्या फटींमधून साखळ्यांची फ्रेम वर येते, पॅलेट रोलरवरून सुटतं, साखळ्या फिरून त्याला बाजूला नेतात, फ्रेम परत खाली बसते. पॅलेट लाकडी, १२०० बाय १००० मिमी. मालासकट वजन १००० किलो. हलणारी फ्रेम, साखळ्या आणि मोटर मिळून १०० किलो. उचल ५० मिमी. फ्रेमच्या चार कोपऱ्यांना चार सिलेंडर. सगळे हिशोब याच आकड्यांवर आहेत. तुमचे आकडे घालून तेच हिशोब पुन्हा करा.

ऑर्डर देण्याआधीचा कागद

कॅटलॉगात सिलेंडरची ताकद बहुतेक ६ बारला (बार हे दाबाचं एकक) दिलेली असते. कंप्रेसर रूममधला गेज ७ दाखवतो, त्यामुळे ६ तर मिळणारच असं सगळे धरून चालतात. गेज लाईनच्या शेवटच्या टोकाला लावा आणि सगळी यंत्रं चालू असताना वाचा. तिथे ५ बार दिसला तर हिशोब ५ चाच.

१०० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलेंडरमधल्या पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी. ५ बारला एक सिलेंडर साधारण ४०० किलो उचलतो, चार मिळून १६००. आपला भार ११००, म्हणजे ताकदीच्या जवळपास ६९ टक्के. हे ठीक आहे. भार सत्तर टक्क्यांच्या फार वर गेला की उचल मंद होते आणि गाईडमधल्या जराशा घर्षणानेही झटके बसतात. आता ८० मिमी बोअर पाहा. ६ बारला चार सिलेंडर १२३० किलो दाखवतात, कागदावर भार उचलला जातो. ५ बारला तेच १०२५ वर येतात आणि भरलेलं पॅलेट जागचं हलत नाही. सकाळी चालणारं युनिट दुपारी सगळ्या मशीन सुरू झाल्यावर का अडतं, याचं उत्तर पुष्कळदा या दोन आकड्यांतच असतं.

हवेचा खर्चही मांडून ठेवा. चार सिलेंडर, ५० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ५ बार: एका उचलीला साडेनऊ लिटरच्या आसपास मोकळी (दाबण्याआधीच्या मापाची) हवा लागते आणि परतीला थोडी कमी. मिनिटाला दोन फेऱ्या धरल्या तर सरासरी ३७ लिटर, म्हणजे सव्वा सीएफएम (मिनिटाला घनफूट). पण ते साडेनऊ लिटर दीड सेकंदात हवे असतात, आणि त्या दीड सेकंदापुरती मागणी १३ सीएफएमपर्यंत जाते. पाईप सरासरीवर निवडला तर उचल रडतखडत होणार. युनिटजवळ २५ लिटरची छोटी टाकी आणि तिच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा मागे जाऊ न देणारा) दिला, तर एका उचलीत टाकीतला दाब ०.४ बारपेक्षाही कमी उतरतो. हे दाबाचं भांडं आहे, तेव्हा त्याचं तपासणी प्रमाणपत्र आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही मागून घ्या.

सिलेंडरऐवजी रबरी बेलो (हवेने फुगणारा रबरी भाता) वापरणारी युनिटही असतात. धूळ, सिमेंट, फाउंड्रीची वाळू अशा जागी मला बेलो जास्त पसंत आहे, कारण त्यात घासणारं सीलच नाही. मात्र त्याचा जोर उचल वाढेल तसा कमी होतो, खाली यायला तो फ्रेमच्या वजनावर अवलंबून असतो, आणि वरचा यांत्रिक स्टॉप नसेल तर तो प्रमाणाबाहेर ताणला जाऊन फुटू शकतो. स्टॉपशिवाय बेलोत हवा सोडायचीच नाही.

शेवटचा प्रश्न पॅलेटचा. खालच्या फळ्या रोलरवर पॅलेट जाण्याच्या दिशेला समांतर हव्यात. मग वर आलेल्या साखळ्या त्या फळ्यांना आडव्या लागतात आणि पॅलेट नीट पेललं जातं. उलट्या दिशेने भरलेलं पॅलेट आलं तर साखळी दोन फळ्यांच्या मधल्या पोकळीत घुसते. त्यावर युनिटमध्ये काही इलाज नाही, पॅलेट भरण्याच्या जागेवर आहे.

फ्रेम बसवणं

सगळी मापं रोलरच्या माथ्यापासून घ्या, जमिनीपासून नाही. कारखान्याची फरशी तीन मीटरमध्ये दहा-बारा मिमी सहज खाली-वर असते.

आपल्या ५० मिमी उचलीची वाटणी अशी: खाली असताना साखळीचा माथा रोलरच्या माथ्यापेक्षा २० मिमी खाली, वर असताना ३० मिमी वर. खालच्या २० मिमीत कंजुषी नको. जुन्या पॅलेटची लोंबणारी फळी, बाहेर आलेला खिळा, सुटलेली पट्टी हे सगळं तेवढ्या जागेतून निभावून जायचं असतं. वर असताना साखळीचा माथा पुढच्या लाईनच्या पातळीशी जुळला पाहिजे. पुढची लाईन दोन मिमी खाली असली तर चालतं, वर असली तर पॅलेटचं तोंड तिथेच आपटतं.

फ्रेम जागेवर ठेवा, दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीच्या आत आणा. मग चारही कोपऱ्यांवर पाणसळ, किंवा लेझर लेव्हल असेल तर उत्तमच. कोपऱ्या-कोपऱ्यातला फरक १ मिमीच्या आत येईपर्यंत पायांखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला. शिम पायाच्या पूर्ण रुंदीचा हवा. कडेला खोचलेले पत्र्याचे तुकडे कंपनाने सरकतात. अँकरची (फ्रेम फरशीला धरणाऱ्या बोल्टची) भोकं मारल्यावर आतली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा, विशेषतः केमिकल अँकर असेल तर. धुळीवर चिकटलेला अँकर म्हणजे न लावलेलाच. बोल्ट आवळून झाल्यावर लेव्हल पुन्हा तपासा, कारण आवळताना ती हमखास हलते.

पॅलेट थांबवणारा स्टॉपर लिफ्टच्या फ्रेमला टांगू नका. १००० किलोचं पॅलेट ०.२ मीटर प्रति सेकंदाने आलं तरी प्रत्येक वेळी २० ज्यूलचा ठोसा बसतो. हा ठोसा रोज शेकडो वेळा गाईडवर गेला तर केलेली लेव्हल टिकणार नाही. स्टॉपरला त्याचा स्वतंत्र आधार द्या.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. सिलेंडरचे रॉड न जोडता फ्रेम चेनब्लॉकने किंवा जॅकने पूर्ण वर घ्या आणि सावकाश खाली सोडा. ती स्वतःच्या वजनाने, कुठेही न अडकता उतरली पाहिजे. अडकली तर गाईड सैल करून परत जुळवा. हवेच्या जोरावर अडकलेली फ्रेमसुद्धा वर जाते, त्यामुळे ही चूक चाचणीत लपते आणि सहा महिन्यांनी गळक्या सीलच्या रूपात बाहेर पडते.

चार सिलेंडर आपसूक एकसाथ उठतील अशी अपेक्षा ठेवू नका. हवा दाबली जाते, त्यामुळे माल एका बाजूला जड असेल तर हलकी बाजू आधी वर जाते. फ्लो कंट्रोलचे (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारे) स्क्रू फिरवून हे दुरुस्त होत नाही. आज जुळवाल, उद्या वेगळा माल आला की पुन्हा तिरकं. त्यासाठी कोपरे लिव्हर आणि टॉर्शन शाफ्टने किंवा रॅक-पिनियनने एकमेकांना यांत्रिकरीत्या बांधलेले हवेत. विक्रेत्याच्या ड्रॉइंगमध्ये हे नसेल तर युनिट परत पाठवा, इतकं ठामपणे मी सांगेन.

रॉड फ्रेमला जोडताना फ्लोटिंग जॉइंट किंवा गोलाकार रॉड एंड वापरा, म्हणजे जोड थोडा हलू शकतो. थेट आटे पिळून घट्ट केलेला रॉड फ्रेमच्या प्रत्येक डुगडुगीबरोबर वाकतो.

हवेची लाईन

मुख्य हेडरमधून (हवेच्या मोठ्या पाईपमधून) फांदी नेहमी वरच्या बाजूने काढा आणि हंसाच्या मानेसारखी वळवून खाली आणा. खालून काढलेल्या फांदीत हेडरमधलं सगळं पाणी उतरतं. हेडरला शंभराला एक एवढा उतार द्या, टोकाला ड्रेन ठेवा.

पाणी किती येतं याचा अंदाज असू द्या. पावसाळ्यात २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की घनमीटरभर हवेत सुमारे २२ ग्रॅम बाष्प असतं. १०० सीएफएमचा कंप्रेसर तासाला १७० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे साडेतीन लिटरहून जास्त पाणी तासाला आत घेतो. ड्रायर (हवा सुकवणारा) आणि ऑटो ड्रेन (साचलेलं पाणी आपोआप सोडणारा) चालू नसले तर ते तुमच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. दाबलेल्या हवेच्या शुद्धतेचं मानक आयएसओ ८५७३-१, त्यातला ७:४:४ (कण, पाणी, तेल) हा वर्ग बहुतेक उत्पादक आपल्या व्हॉल्व्ह-सिलेंडरसाठी मागतात. त्यातला पाण्यासाठीचा ४ म्हणजे दाबाखालचा दवबिंदू (बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान) ३ अंश, जो साधा रेफ्रिजरेटेड ड्रायर देतो.

युनिटपाशी क्रम असा ठेवा: कुलूप लावता येईल असा आणि बंद केल्यावर पुढची हवा बाहेर सोडणारा बॉल व्हॉल्व्ह, मग फिल्टर-रेग्युलेटर (हवा गाळून दाब ठरवणारा), मग नॉन-रिटर्न, टाकी, सॉफ्ट-स्टार्ट व्हॉल्व्ह (हवा सुरुवातीला हळूहळू सोडणारा) आणि शेवटी दिशा बदलणारा व्हॉल्व्ह. टाकीला हाताने रिकामी करायचा वेगळा व्हॉल्व्ह हवाच, कारण नॉन-रिटर्नमुळे मागचा बॉल व्हॉल्व्ह बंद केला तरी टाकीतली हवा निघत नाही.

ल्युब्रिकेटर (हवेत तेल मिसळणारा) लावावा का? नवे सिलेंडर ग्रीस भरूनच येतात, तेव्हा नको. एकदा तेल सुरू केलं की मूळ ग्रीस धुऊन जातं आणि मग तेल कायम द्यावं लागतं. जुन्या लाईनवर तेल आधीपासून सुरू असेल तर मात्र ते बंद करू नका.

पीयू (पॉलियुरेथेनची) ट्यूब कटरने सरळ कापा. पक्कडीने तिरकी कापलेली ट्यूब पुश फिटिंगमध्ये बसते आणि आठवड्याने फुसफुसते. टेफ्लॉन टेप लावताना पुढचे दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपचे धागे थेट व्हॉल्व्हच्या स्पूलवर (आतल्या सरकत्या दांड्यावर) जाऊन बसतात. ट्यूब सिलेंडरला जोडण्याआधी टोकाला पांढरं फडकं धरून लाईन फुंकून घ्या. फडक्यावर गंज, टेपचे तुकडे, पाणी दिसणं बंद होईपर्यंत फुंका.

व्हॉल्व्ह आणि भार धरून ठेवणं

वर असताना वीज गेली किंवा ट्यूब फुटली तर पॅलेट खाली आपटू नये. यासाठी प्रत्येक सिलेंडरच्या खालच्या पोर्टवर, अगदी पोर्टलाच, पायलट चेक व्हॉल्व्ह लावतात; तो सिलेंडरमधली हवा अडवून धरतो आणि पायलटच्या नळीत दाब आला तरच सोडतो. तो लांब व्हॉल्व्ह बँकेजवळ लावला तर मधली ट्यूब फुटल्यावर त्याचा उपयोग शून्य. त्याच्याबरोबर ५/३ व्हॉल्व्ह (पाच पोर्ट, तीन स्थिती) घ्यायचा तो मध्यस्थितीत दोन्ही बाजू मोकळ्या सोडणारा. मध्यस्थिती बंद असणारा घेतला तर पायलटच्या नळीत दाब अडकून राहतो, चेक व्हॉल्व्ह उघडाच राहू शकतो आणि फ्रेम हळूहळू खाली येते.

यातून एक धोका तयार होतो. थांब्यानंतर सिलेंडरची वरची बाजू रिकामी असते. एरवी उचलीचा वेग वरच्या बाजूने बाहेर पडणारी हवा रोखून ठेवतो. रोखायला हवाच नसेल तर पहिली उचल उडी मारते. सॉफ्ट-स्टार्ट त्यासाठीच. शिवाय उचलीच्या बाजूला आत जाणारी हवाही थोडी रोखणारा फ्लो कंट्रोल दिला तर अधिक बरं.

सेन्सर आणि इंटरलॉक

वर आणि खाली या दोन्ही स्थितींचे सेन्सर फ्रेमवर लावा, सिलेंडरच्या नळीवर नाही; रॉड सुटला तरी पिस्टन वर गेलेला दिसतो. फ्रेम उठण्याआधी पीएलसीने (युनिट चालवणाऱ्या कंट्रोलरने) चार गोष्टी बघायच्या: पॅलेट जागेवर आहे, रोलर थांबले आहेत, मागचा स्टॉपर वर आहे, आणि दोन्ही कडांवर अर्धवट आलेलं दुसरं पॅलेट नाही. पॅलेट पूर्ण बाहेर पडल्याशिवाय फ्रेम खाली नाही. आदेश देऊन ३ सेकंदांत वरचा सेन्सर आला नाही तर अलार्म. फ्रेम आणि रोलर यांच्यामधल्या फटीत बोट जाऊ नये म्हणून बाजूने जाळी, आणि ती बोल्टने बसवलेली.

पहिली हवा

१. जाळीबाहेर उभे राहा. फ्लो कंट्रोल पूर्ण बंद करून अर्धा-एक फेरा उघडा.
२. रेग्युलेटर २ बारवर ठेवा आणि रिकामी फ्रेम हाताच्या बटणाने वर-खाली करा.
३. दाब टप्प्याटप्प्याने ५ वर न्या. उचलीला दीड-दोन सेकंद लागतील असा वेग ठेवा.
४. कुशन स्क्रू (धावेच्या टोकाला पिस्टन मंदावणारा) पूर्ण बंद करून थोडा-थोडा उघडा. टोकाला ठोका नको आणि रेंगाळणंही नको.
५. पाव, अर्धा, पूर्ण भार अशा क्रमाने चाचणी घ्या. मग अर्धा भार एकाच कोपऱ्यावर ठेवून घ्या. खरी परीक्षा हीच.
६. पूर्ण भार वर असताना बॉल व्हॉल्व्ह बंद करा, टाकी रिकामी करा आणि दहा मिनिटं फ्रेम किती उतरते ते मोजून कागदावर लिहा. पुढच्या वर्षी तुलनेला हा आकडा लागेल.

देखभाल करताना आधी कुलूप

पायलट चेक व्हॉल्व्ह भार धरतो, पण तो माणसाच्या जिवाची हमी नाही. सीलवर कचऱ्याचा कण बसला तरी तो गळतो. शक्य असेल तर फ्रेम खाली घेऊनच काम करा. वर ठेवणं भागच असेल तर लोखंडी प्रॉप (टेकू) किंवा लॉकिंग पिन चारही बाजूंना. लाकडी ठोकळे नकोत. बॉल व्हॉल्व्ह बंद, कुलूप, टॅग, टाकी रिकामी, विजेचा आयसोलेटर बंद आणि कुलूप. एवढं करूनही सिलेंडर आणि चेक व्हॉल्व्हच्या मधे ५ बार अडकलेला असू शकतो. फ्रेम प्रॉपवर टेकवल्यावर चेक व्हॉल्व्हच्या हाताच्या बटणाने ती हवा सोडा, मगच फिटिंगला स्पॅनर लावा. ही पायरी विसरून उघडलेली फिटिंग गोळीसारखी सुटते.

रोज शिफ्टच्या सुरुवातीला ऑपरेटरने एक रिकामी फेरी ऐकायची आणि फिल्टरचा बाऊल बघायचा. आठवड्याला रोलरांखाली साचलेले फळ्यांचे तुकडे, पट्ट्या, स्ट्रेच फिल्म काढायची. स्ट्रेच फिल्म शाफ्टला गुंडाळली की बेअरिंगचं सील खाते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

महिन्यातून एकदा लाईन बंद असताना साबणाचं पाणी घेऊन गळती शोधा. ६ बारला १ मिमीच्या एका भोकातून मिनिटाला ६०–७० लिटर हवा जाते. आपलं अख्खं युनिट सरासरी ३७ लिटर घेतं, हे आठवलं की गळक्या फिटिंगची किंमत कळते. त्याच दिवशी गाईडला ग्रीस, अँकर आणि रॉड एंडचे बोल्ट, आणि साखळीचा ताण.

साखळीची झीज डोळ्याने ठरवू नका. १०बी साखळीची पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिमी; म्हणजे २० पिचचं माप ३१७.५ मिमी. ते ३२४ ला पोचलं की दोन टक्के लांबली, बदला. आणि सगळ्या साखळ्या एकदम बदला, नाहीतर नवी आणि जुनी वेगळ्या वेगाने पॅलेट ओढून ते तिरकं करतात.

वर्षातून एकदा लेव्हल पुन्हा मोजा, दहा मिनिटांची उतरण पुन्हा मोजा, फिल्टर एलिमेंट बदला. ही सगळी कामं मे महिन्यात उरका. ऑटो ड्रेन आणि ड्रायर पाऊस सुरू होण्याआधी तपासलेला असावा.

लक्षणं ओळखताना

एक कोपरा मागे राहतो: आधी गाईड आणि टॉर्शन शाफ्टची चावी (शाफ्टवर लिव्हर घट्ट धरणारी पाचर) बघा, मग त्या कोपऱ्याची ट्यूब दबली आहे का ते, आणि शेवटी सिलेंडर. सगळी फ्रेम मंद: उचल चालू असताना रेग्युलेटरचा गेज बघा. तो एक बारहून जास्त कोसळत असेल तर फिल्टर चोंदलाय किंवा पाईप बारीक आहे. व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून सतत हवा येते: संबंधित सिलेंडरची ट्यूब काढून व्हॉल्व्हचा पोर्ट प्लग करा, हवा थांबली तर पिस्टनचं सील गेलंय, सुरूच राहिली तर व्हॉल्व्हचा स्पूल. सोमवारी सकाळी पहिल्या दोन-चार फेऱ्या अडखळतात आणि मग सुरळीत चालतं: रविवारच्या सुट्टीत लाईनमध्ये पाणी साचलंय, ड्रेन बघा.

सिलेंडर काढलाच तर रॉड उजेडात फिरवून बघा. एकाच बाजूला चकचकीत पट्टा असेल तर रॉडवर आडवा भार येतोय. त्या जागी नवा सिलेंडर लावण्याआधी फ्रेम पुन्हा जॅकवर घ्या आणि गाईड जुळवा.

स्टोअरमध्ये एक पूर्ण सिलेंडर, दोन सील किट, एक ५/३ व्हॉल्व्ह, दोन पायलट चेक व्हॉल्व्ह, दोन सेन्सर, फिल्टर एलिमेंट, साखळीचे जोडदुवे आणि दहा मीटर ट्यूब एवढं असू द्या. सील किट घेताना बोअरबरोबर सिलेंडरचा मॉडेल क्रमांकही लिहून घ्या. आयएसओ १५५५२ मुळे सिलेंडरची बाहेरची मापं सगळ्या कंपन्यांची जुळतात, आतली सीलं जुळत नाहीत.